जिच्या खाली शिरता येतं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आतल्या गल्ल्यांत काही गॅरेजं टिकून आहेत. तशाच एका गॅरेजच्या दारात पांढरी बोलेरो मागून उचललेली, चेसिसखाली दोन घोड्या लावलेल्या, चाकं भिंतीला टेकवलेली. मालक साठी उलटलेले. त्यांच्या शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण, जुन्या गाडीचा भाव काढायला आलेला. मनापासून समजावत होता, "काका, चौदा वर्षं झाली गाडीला. आत्ता एक्स्चेंजला दिलीत तर बरे पैसे येतील. पंधरा पूर्ण झाली की कोणी विचारणार नाही." काकांनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवर नव्या गाडीचे फोटोही बघितले. मग एकच विचारलं, "हिच्या खाली शिरता येतं का रे?" मुलाला प्रश्नाचा रोख कळला नाही. तो सनरूफबद्दल सांगू लागला.

काकांचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही.

बोलेरोवाल्यांना गाडी का बदलत नाही असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. दणकट आहे, खर्च कमी आहे, कुठंही जाते, विकायला काढली तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. यात खोटं काहीच नाही, पण एवढ्यानं भागत नाही. कागदावर पाहिलं तर ही गाडी कशातच पहिली येत नाही. 2000 साली बाजारात आली तेव्हाही तिचा घाट महिंद्रांच्याच आर्माडा ग्रँडवरून घेतलेला होता, आणि आणखी मागे गेलं तर महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलिस जीपपर्यंत तिचं घराणं पोचतं. सीट ताठ, स्टिअरिंग जड, वेग वाढला की वाऱ्याचा आवाज आत घुसतो. जमिनीपासूनची उंची 180 मिमी, म्हणजे आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या कित्येक छोट्या गाड्यांपेक्षा कमी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या बोलेरो मोजक्याच; ठाणे-नवी मुंबईत दिसतात त्या जवळजवळ सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. आणि तरी मुरबाडच्या पुढे डांबर संपून लाल मातीचा रस्ता लागला की घरातल्या दोन गाड्यांपैकी हीच बाहेर काढली जाते.

उंचीच्या आकड्यात एक गोम आहे. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, बांधणीच्या गाडीची 200 मिमी उंची बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची असते. आत पाच माणसं बसली, डिक्कीत तांदळाचं पोतं पडलं की मागचा भाग खाली बसतो आणि पोटाखालची जागा कमी होते. बोलेरोच्या मागे दोन्ही चाकांना जोडणारी सलग अ‍ॅक्सल आहे. तिचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे मधल्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा, आणि तो चाकांबरोबरच वर-खाली होतो. त्यामुळे कितीही वजन टाकलं तरी त्या गोळ्याखालची जागा टायरच्या मापावरच ठरते; टायरमध्ये हवा असेल तोवर ती जवळपास तेवढीच राहते. दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा की एका चाकाखाली घ्यायचा हा निर्णय चालक दर वेळी त्याच मापानं घेऊ शकतो. सलग अ‍ॅक्सलवाल्या गाडीत मोठा दगड पोटाखाली घ्यायचा नसतो, चाकाखाली घ्यायचा असतो, म्हणजे चाकाबरोबर गोळाही उचलला जातो. हे गावातल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. त्यात पुढचं नाक उंच आणि सरळ, बोनेटचे दोन्ही कोपरे सीटवरून दिसतात. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर अवजड वाहनांच्या मधून वाट काढताना आणि बारवी धरणाच्या बाजूच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आल्यावर, हे कोपरे दिसणं किती मोलाचं असतं ते चालवणाऱ्यालाच विचारावं.

मग येतो घरचा हिशोब. ठाण्यात राहणाऱ्या किती घरांचं एक टोक कोकणात, नाही तर जुन्नर-आंबेगावकडे अडकलेलं असतं. गणपतीला जाताना मखराचं सामान, आजीची औषधं, दोन पोरं, वर टपावर ताडपत्रीखाली बॅगा. येताना नारळ, तांदूळ, कोकमाच्या बाटल्या, फणस. पळस्प्यापासून पुढे मुंबई-गोवा रस्त्याची वर्षानुवर्षं झालेली दशा सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर वेगळं लिहायला नको. नवी मुंबईतल्या मूळ गावांत, घणसोली-दिवाळ्यासारख्या ठिकाणी, हीच गाडी सकाळी मासळीच्या पेट्या नेते, दुपारी बांधकामावर सिमेंट टाकते आणि संध्याकाळी हळदीला घरच्या बायकांना घेऊन जाते. मागची आडवी सीट उचलली की माल, पाडली की माणसं. गाडी धुवायला एक पाइप आणि एक झाडू पुरतो, कारण खाली मऊ गालिचा नसून रबराची मॅट असते. पेटीतलं मासळीचं पाणी सांडलं तर कोणी कपाळाला हात लावत नाही.

पण काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मागच्या पाट्यांत आहे, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबायला हवं.

पाट्यांचा सेट म्हणजे एकावर एक रचलेल्या, खाली लहान होत गेलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यात वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चेसिसला थेट बोल्टनं अडकतो, मागचा शॅकल नावाच्या हलत्या कडीतून, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्या लांबीला जागा द्यावी लागते. मधोमध सगळ्या पट्ट्यांतून एक सेंटर बोल्ट जातो आणि दोन यू-बोल्ट सगळा गठ्ठा अ‍ॅक्सलवर आवळून धरतात. ही रचना वजन पेलते आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवते. कॉइल स्प्रिंग असलेल्या सलग अ‍ॅक्सलला त्यासाठी वेगळे दांडे लागतात. दोष असा की पट्ट्या एकमेकींवर घासतात, म्हणून रिकामी गाडी छोट्या खड्ड्यावर उडते. मागे चार माणसं किंवा दीडशे किलो माल टाकला की तीच गाडी शहाण्यासारखी चालते.

पाटा तुटतो तो बहुतेक वेळा मधल्या भोकाजवळ, कारण तिथं धातू कमी आणि वाक जास्त. त्याआधी यू-बोल्ट सैल झालेले असतात. ते सैल झाले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि अ‍ॅक्सल एका बाजूनं मागे सरकते. मग सरळ रस्त्यावर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं, चालकाला उशिरा कळतं. ओळखायची सोपी रीत अशी: सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करा, दोन्ही मागच्या चाकांच्या वर मडगार्डपर्यंत किती बोटं जागा आहे ते मोजा. एका बाजूला दोन-तीन बोटं कमी भरली तर खाली वाका. तुटलेली पट्टी स्वच्छ दिसते, नव्या चिरेत धातू चमकतो आणि जुन्या चिरेत तांबूस गंज असतो. दोन्ही चाकांच्या मध्यापासून पुढच्या डोळ्यापर्यंत टेप लावला की अ‍ॅक्सल सरकली का तेही कळतं.

सेट बदलताना तीन गोष्टींवर कारागीर घाई करतात. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरतात. ते एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा तेवढी पकड देत नाहीत, म्हणून नवेच घ्यावेत. डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळतात. तसं केलं की गाडी खाली उतरताच आतलं रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. ते बोल्ट हातानं बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी आणि मगच शेवटचा आवळा द्यावा. तिसरी गोष्ट, चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात. त्यासाठी गाडी परत आणायला कोणी सांगत नाही. मालकानं स्वतः लक्षात ठेवून जायचं.

माल जास्त टाकायचा म्हणून एक जादा पट्टी घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती घातली की मागचा भाग वर येतो, हेडलाइटचा झोत रस्त्यावर जवळच पडू लागतो आणि रिकाम्या गाडीत मागच्या माणसाची कंबर धरते. ज्या गाड्यांत मागचं वजन बघून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजून मागे कमी ब्रेक देतो. म्हणजे नेमका जास्त माल असताना थांबायला अंतर जास्त लागतं. मालवाहतूक हाच धंदा नसेल तर ही जादा पट्टी नको. पाटे करकरतात म्हणून त्यांवर जळकं ऑइल ओतणं हीही तशीच सवय. आवाज जातो, पण ते ऑइल बुशपर्यंत पोचतं आणि रबर फुगून सडतं. घासणाऱ्या भागात ग्राफाइटचं ग्रीस लावावं आणि बुशला त्यापासून लांब ठेवावं.

एवढं सगळं पाना, टॉमी, जॅक आणि दोन घोड्या यांवर होतं. आणि ते करताना मालक शेजारी उभा राहून बघू शकतो.

तीच गोष्ट गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याची, म्हणजे क्रॉसची. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेताना खालून कट्ट असा आवाज आला की चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हातानं पिळून बघावा. क्रॉस आणि त्याला धरणारा योक यांच्यात जराही खेळ जाणवला तर बदलायचा. ग्रीस भरायचं निप्पल असलेला क्रॉस असेल तर ग्रीस गननं चारही टोकांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं. तीन टोकांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही तर तेच टोक कोरडं आहे. पावसात पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली असेल तर आठवड्याच्या आत डिफरन्शियलचा वरचा प्लग उघडून तेल बघायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि वरची हवा सोडणारी बारीक नळी मातीनं बुजलेली असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल बदलायचं आणि आधी ती नळी मोकळी करायची. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबत थोडं अंतर चालावं, मागच्या ड्रममधलं पाणी तसंच वाळतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर मात्र स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तिथं या गाडीचा साधेपणाही कामाला येत नाही.

चिखलात एक मागचं चाक फिरत राहिलं आणि दुसरं गप्प बसलं तर अ‍ॅक्सिलरेटर वाढवून उपयोग नसतो. साधा डिफरन्शियल ताकद मोकळ्या चाकाकडेच जाऊ देतो. मागच्या टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास आणावी, माणसं उतरवण्याऐवजी मागच्या बाजूला बसवावीत, दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघावं आणि डांबरावर लागताच हवा भरून घ्यावी. बोलेरो निओ या नव्या मॉडेलच्या एन 10 (ओ) प्रकारात आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आहे. तो फार कामाची चीज आहे आणि जुन्या बोलेरोत नाही याचं वाईट वाटतं.

या गाडीला मारतो तो गंज. वाशी खाडी, पाम बीच रोड, ठाणे खाडीचा काठ, चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने खारट दमट हवा. वरून पत्रा चकचकीत दिसतो आणि दाराच्या तळाशी आतून कुजत असतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती लाल मातीनं बुजतात. दार उघडताना आत पाणी हलल्याचा आवाज आला की एक तार घेऊन भोकं मोकळी करायची, दोन मिनिटांचं काम आहे. चेसिसच्या पोकळ दांड्यांतही माती जाऊन बसते; पाट्याच्या मागच्या टोकाजवळ पान्यानं हलके ठोके द्यावेत. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर वेल्डिंगवाल्याआधी चांगल्या जाणकाराला दाखवावं. गंजरोधक काळा लेप लावायचा तो मार्च-एप्रिलमध्ये, गाडी खालून धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून. जूनच्या तोंडावर ओल्या मातीवरच लेप मारून देणारे भेटतात. त्यानं ओल आत कोंडली जाते आणि गंज झाकला जातो, म्हणजे न लावलेलं बरं.

हे सारं सांगायचं कारण असं की या गाडीवरच्या जिवाचं मूळ मला इथंच दिसतं. बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, त्याचं नाव मालकाला माहीत असतं. कुठला आवाज कशाचा हे घरातल्या दोघा-तिघांना कळतं. वागळे इस्टेट, तुर्भे, कळंबोली अशा ठिकाणी पार्ट मिळतो, आणि मुरबाड किंवा शहापूरच्या नाक्यावरचा मेकॅनिकही तोच पार्ट बसवू शकतो. गाडी अडली तरी माणूस अडकत नाही. त्या मुलानं दाखवलेल्या नव्या गाडीच्या खाली प्लॅस्टिकचं आवरण असतं आणि बहुतेक दोष आधी स्कॅनरच्या पडद्यावर उमटतात. ती जास्त चांगली बनवलेली असू शकते. मालकाला मात्र तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही, फक्त बिल भरता येतं.

खुद्द बोलेरोही आता तशी राहिलेली नाही. 2016 मध्ये पॉवर प्लस आली, लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन 1,493 सीसीचं तीन सिलिंडरवालं, कारण छोट्या गाडीचा कर त्या मापात बसतो. जुनं 2,523 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन खडखडत असे, पण खालच्या आरपीएमवर चढ ओढत असे. 1 एप्रिल 2020 पासून धुरावर मर्यादा घालणारं बीएस-6 मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारे फिल्टर आले. हवेसाठी ते आवश्यकच होतं. काजळी जाळून टाकायला फिल्टरला सलग वीसेक मिनिटं बरा वेग लागतो आणि नौपाडा ते मुलुंड अशा फेऱ्यांत तो कधीच मिळत नाही. फिल्टरचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये, मुंब्रा बायपास किंवा नाशिक हायवे मोकळा असेल तेव्हा एक लांब चक्कर मारावी. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय, ते ताबडतोब बदलावं.

पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. मुदत संपायच्या आत फॉर्म 25 भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं. तरी लोक भरतात. तपासणीला जाण्याआधी हँडब्रेक, सगळे दिवे, वायपर, टायरची नक्षी आणि चेसिस नंबर वाचता येतो का एवढं बघून घ्यावं. गंजानं किंवा लेपानं नंबर झाकला गेल्यामुळे परत पाठवलेल्या गाड्या कमी नाहीत.

एका बाबतीत मात्र या प्रेमाला लगाम हवा. देशात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस 1 एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. चौदा वर्षांच्या बहुतेक बोलेरोंत यातलं काहीच नाही. चेसिस मजबूत म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज आपल्याकडे खोलवर बसलाय आणि तो चुकीचा आहे. ताठ सांगाडा वाकत नाही तेव्हा धक्का आतल्या शरीराला बसतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2024 च्या धडक-चाचणीत बोलेरो निओला एकच तारा मिळाला, तर त्याच कंपनीच्या स्कॉर्पिओ-एनला 2022 मध्ये पाच मिळाले होते. दोन्ही गाड्या चेसिसवरच बसवलेल्या आहेत. मागच्या आडव्या सीटांवर हायवेला मुलांना बसवू नये. आडव्या बसलेल्या मुलाला समोरून बसलेल्या धक्क्यात धरून ठेवणारं तिथं काहीच नसतं. पोरांनाच ती जागा सगळ्यात आवडते, भांडून बसतात, तरीही नाही म्हणायला हवं.

लहान मुलांना घेऊन रोज हायवेवर जाणाऱ्या घरानं दुसरी गाडी घ्यावी आणि बोलेरो गावी ठेवावी. ठाण्यात असं करणारी घरं वाढताहेत, शिवाय नव्या टॉवरांतल्या एकावर एक पार्किंगच्या कप्प्यात ही उंच गाडी मावतच नाही. गावी उभी ठेवताना टाकी भरलेली असावी, अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी जमतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी चालू करून दोन-चार किलोमीटर फिरवून घ्यावी; जागच्या जागी पाच मिनिटं गुरगुरवून काही होत नाही, ऑइल तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नये, पावसाळ्यात लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले की पुरे.